आतड्याच्या सुजेत जीवनसत्त्वांची गळती: आधी शोधायची कशी, मग भरायची कशी

अशक्तपणा वाटायला लागला की बेळगाव, निपाणी, चिकोडीकडे पहिला उपाय ठरलेला असतो: जवळच्या दवाखान्यात जाऊन ताकदीचं लाल इंजेक्शन घ्यायचं, नाहीतर एखादं सलाईन लावून यायचं. क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारे दोन आजार) असलेल्या माणसानं रक्त तपासून घेण्याआधी हे करू नये. त्या लाल इंजेक्शनात बहुतेक वेळा बी-१२ असतं. एक जरी घेतलं तरी रक्तातली पातळी पुढचे कित्येक आठवडे उंच दिसते, रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो आणि मुळात कमतरता होती का, किती होती, हे कळायची संधी हातची जाते. म्हणून पहिली सूचना हीच: आधी रक्त द्या, मग इंजेक्शन घ्या.

या आजारात जीवनसत्त्वं चार वाटांनी कमी होतात. त्रास होईल या भीतीनं माणूस खाणंच कमी करतो. खाल्लेलं आतड्यात शोषलं जात नाही. जुलाब आणि रक्तावाटे वाहून जातं. किंवा चालू असलेलं एखादं औषधच आड येतं. चारही वाटांना उपाय वेगवेगळे आहेत. ज्याचं लहान आतडं बी-१२ शोषूच शकत नाही त्यानं रोज मटण खाल्लं काय किंवा मल्टिव्हिटॅमिनची महागडी गोळी घेतली काय, फरक पडत नाही. त्यामुळे गोळी निवडण्याआधी आपली वाट कोणती ते ठरवायचं. त्याला लागतात जुने कागद, चालू औषधांची पाकिटं आणि एकदा नीट केलेली रक्ततपासणी.

पहिलं काम: जुने कागद काढा

कोलोनोस्कोपी, बायोप्सी, सीटी किंवा एमआर एंटेरोग्राफी यांचे रिपोर्ट समोर ठेवा आणि आजार आतड्याच्या कोणत्या भागात आहे ते पाहा. जठराला लागून असलेल्या ड्युओडेनममध्ये आणि त्याच्या पुढच्या भागात लोह, कॅल्शियम आणि फोलेट (बी-९ जीवनसत्त्व; गोळीत ते फोलिक ॲसिड म्हणून मिळतं) शोषलं जातं. लहान आतड्याचा अगदी शेवटचा भाग, टर्मिनल आयलियम, बी-१२ शोषतो आणि पित्तातले क्षारही परत घेतो. पित्तक्षार कमी पडले की स्निग्ध पदार्थ पचत नाहीत आणि त्यांच्यासोबत शोषली जाणारी ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वं शौचावाटे जातात. क्रोन्सला बसायला हाच शेवटचा भाग फार आवडतो. अल्सरेटिव्ह कोलायटिस मात्र मोठ्या आतड्यापुरता असतो. तिथं बी-१२चं शोषण शाबूत राहतं आणि मुख्य तोटा होतो तो रक्तस्रावामुळे लोहाचा. कोलायटिसच्या रुग्णाचं बी-१२ कमी आलं तर कारण बहुधा आहारात किंवा औषधात सापडतं.

ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका. त्यावर ‘राइट हेमिकोलेक्टॉमी’ (मोठ्या आतड्याचा उजवा भाग काढला) एवढंच लिहिलेलं असतं. दवाखान्याच्या रेकॉर्ड विभागातून ऑपरेशन नोटची आणि काढलेल्या आतड्याच्या पॅथॉलॉजी रिपोर्टची प्रत मागा, कारण आयलियम किती सेंटिमीटर काढलं हा आकडा तिथंच मिळतो. हा आकडा जन्मभर उपयोगी पडतो. २० सेंटिमीटरपेक्षा कमी काढलं असेल तर सहसा बी-१२ला धक्का लागत नाही. २०च्या वर गेलं की धोका सुरू होतो. ६०च्या वर काढलेल्यांना जवळपास नेहमीच कायमची इंजेक्शनं लागतात. १०० सेंटिमीटरच्या पुढं चरबीचं शोषणही बिघडतं: शौच फिकट, तेलकट, पाण्यावर तरंगणारं आणि फार उग्र वासाचं होतं.

ऑपरेशननंतर पहिल्या वर्षी बी-१२ चांगलं आलं म्हणून बरेच जण निर्धास्त होतात. यकृतात बी-१२चा काही वर्षांचा साठा असतो. तो हळूहळू संपतो आणि दोन ते पाच वर्षांनी हातापायाला मुंग्या येऊ लागतात, तेव्हा ऑपरेशनचा संबंध कोणाच्या लक्षातही येत नाही.

आतडं कुठं अरुंद झालं असेल तर तिथं जंतू साचतात. हे जंतू बी-१२ खातात आणि फोलेट तयार करतात. रिपोर्टमध्ये बी-१२ खाली आणि फोलेट वरच्या बाजूला दिसलं तर डॉक्टरांना ही शक्यता विचारा.

दुसरं काम: गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत

आयबीडीचीच (म्हणजे क्रोन्स-कोलायटिसचीच) नव्हे, शुगर, पित्त, थायरॉइड, केस गळणं अशा सगळ्यांची औषधं एकत्र आणा. पुढची औषधं विशेष पाहायची.

सल्फासालाझिन फोलेटचं शोषण अडवतं. मेथोट्रेक्सेट फोलेटचं काम रोखतं. प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडं कॅल्शियमचं शोषण घटवतात आणि हाडं ठिसूळ करतात. पित्तासाठी वर्षानुवर्षं घेतलेली पॅन्टोप्राझोलसारखी गोळी बी-१२ आणि मॅग्नेशियम खाली आणते, मधुमेहाचं मेटफॉर्मिनही बी-१२ कमी करतं. पित्तक्षारांमुळे होणाऱ्या जुलाबासाठी दिलेली कोलेस्टिरामिनची पूड ए, डी, ई, के आणि इतर औषधांनाही बांधून ठेवते. म्हणून बाकीच्या गोळ्या तिच्या एक तास आधी किंवा चार ते सहा तास नंतर घ्यायच्या.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट वारंवार घडते. क्रोन्स आणि आतड्याचा टीबी दिसायला इतके सारखे असतात की अनेकांना आधी टीबीची औषधं सुरू होतात. इन्फ्लिक्सिमॅबसारखं प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू करण्याआधीही छुप्या टीबीसाठी आयसोनियाझिड देतात. आयसोनियाझिड बी-६ कमी करतं आणि पायांची आग, मुंग्या सुरू होतात. सोबत पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-६, रोज १० ते २५ मिलिग्रॅम असायला हवं. चिठ्ठीत नसेल तर विचारून घ्या. उलट बाजूही ध्यानात असू द्या: बी-६ मोठ्या मात्रेत महिनोन् महिने घेतलं तर तेच नसा बिघडवतं, तेव्हा दोन-तीन वेगवेगळ्या ब्रँडच्या ‘नसांच्या गोळ्या’ एकाच वेळी नकोत. त्यांतल्या काहींत प्रीगाबालिन किंवा गाबापेंटिन असतं. त्यानं मुंग्या दबतात, गुंगी येते आणि मूळ कमतरता तशीच राहते.

केसांसाठी बायोटिन चालू असेल तर रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस, मोठी मात्रा असेल तर लॅबला विचारून आणखी आधी, बंद ठेवा. काही यंत्रांवर बायोटिनमुळे थायरॉइड, बी-१२, व्हिटॅमिन डी यांचे आकडे चुकीचे येतात.

तिसरं काम: रक्त, सगळं एकाच सकाळी

‘फुल बॉडी’ पॅकेजमध्ये नको त्या तपासण्या भरपूर आणि हव्या त्या कमी असतात. डॉक्टरांकडून ही यादी लिहून घेऊन सकाळी उपाशीपोटी रक्त द्या:

- सीबीसी, त्यात एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) आणि आरडीडब्ल्यू (त्या आकारातली तफावत) हवेत
- सीआरपी (अंगातली सूज दाखवणारा आकडा)
- फेरिटिन (लोहाचा साठा) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात फिरणारं लोह)
- बी-१२ आणि फोलेट
- २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, अल्ब्युमिन
- जुलाब जास्त असतील तर मॅग्नेशियम, पोटॅशियम आणि झिंक
- शौच तेलकट असेल किंवा सहज काळे-निळे डाग पडत असतील तर पीटी-आयएनआर (रक्त गोठायला लागणारा वेळ)

सीआरपी वगळू नका. अंगात सूज चढलेली असताना ए, डी, सी, बी-६ आणि झिंक यांचे आकडे साठा पुरेसा असूनही खाली दिसतात, आणि फेरिटिन साठा संपलेला असूनही वर दिसतं. सूज शांत असताना फेरिटिन ३० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर लोहाची कमतरता धरतात. सीआरपी वाढलेला असेल तर फेरिटिन १०० पर्यंत दिसलं तरी, सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली असल्यास, लोह कमीच असू शकतं. ‘फेरिटिन ८०, नॉर्मल’ या शेऱ्यावर लोहाचे उपचार थांबवलेले रुग्ण खूप असतात.

एमसीव्हीचंही तसंच. बी-१२ आणि फोलेट कमी असलं की लाल पेशी मोठ्या होतात, लोह कमी असलं की लहान. दोन्ही एकदम कमी असतील तर सरासरी मधोमध येते आणि रिपोर्ट साळसूद दिसतो. अशा वेळी वाढलेला आरडीडब्ल्यू संशय देतो. अझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारं आयबीडीचं औषध) चालू असेल तर एमसीव्ही त्या औषधानंच वाढतो, त्यावरून बी-१२ कमी असं समजू नये.

बी-१२ २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमी. २०० ते ३०० मधला आकडा संशयाचा. तिथं मुंग्या, जीभ गुळगुळीत आणि लाल होणं, चालताना तोल जाणं, विसरभोळेपणा यांपैकी काही असेल तर मिथाइलमॅलोनिक ॲसिड किंवा होमोसिस्टीन तपासतात, किंवा डॉक्टर थेट उपचार सुरू करतात. व्हिटॅमिन डी २० नॅनोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता, २० ते ३० अपुरं. लॅबच्या यादीत ‘१,२५-डायहायड्रॉक्सी’ नावाची दुसरी महाग तपासणी असते. साठा पाहायला ती चालत नाही.

सीमाभागातला रुग्ण कधी बेळगावात, कधी कोल्हापुरात, कधी मिरजेत रक्त देतो आणि मग आकडे जुळत नाहीत. एकक पाहा. बी-१२ पिकोमोलमध्ये असेल तर १.३५ने गुणलं की पिकोग्रॅम मिळतात. व्हिटॅमिन डी नॅनोमोलमध्ये असेल तर अडीचनं भागायचं. यंत्रांच्या पद्धतीतही फरक असतो, त्यामुळे तुलना करायची असेल तर दरवेळी एकच लॅब धरा.

बी-१२ भरताना

कमतरता ठरली की मात्रा डॉक्टर ठरवतात, पण प्रचलित वेळापत्रक ठाऊक असलेलं बरं: १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन एक दिवसाआड, एक ते दोन आठवडे, नंतर दर महिन्याला एक. मुंग्या, बधिरपणा, तोल जाणं अशी नसांची लक्षणं असतील तर एक दिवसाआडचा टप्पा सुधारणा थांबेपर्यंत लांबवतात. २० सेंटिमीटरहून जास्त आयलियम गेलेल्यांना पातळी खाली यायची वाट न पाहता महिन्याचं इंजेक्शन सुरू करतात, आणि ते जन्मभराचं असतं. बरं वाटलं म्हणून सोडून देणं हीच यातली सगळ्यात मोठी चूक. काढलेला आतड्याचा तुकडा परत येत नाही, त्यामुळे हे इंजेक्शनही संपत नाही.

इंजेक्शनासाठी दरवेळी शहरात यायची गरज नाही. चिठ्ठी आणि अँप्यूल घेऊन गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. अँप्यूल उजेडापासून दूर, खोक्यातच ठेवा. अथणी-रायबागच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या कपाटात नको. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आधी सांगा, स्नायूत इंजेक्शन दिल्यावर रक्त साकळू शकतं.

गोळीनं भागतं का? भागू शकतं, पण मात्रा मोठी लागते. एरवी बी-१२ शोषायला जठरात तयार होणारं इंट्रिन्सिक फॅक्टर नावाचं प्रथिन आणि आयलियम दोन्ही लागतात. त्यांच्याविना फक्त एक टक्क्याच्या आसपास आपोआप झिरपतं. १००० ते २००० मायक्रोग्रॅमची रोजची गोळी घेतली तर त्यातलं १०-२० मायक्रोग्रॅम अंगी लागतं आणि रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमचीच असते. पातळी एकदा भरली, नसांची लक्षणं नाहीत आणि माणूस रोज न चुकता गोळी घेणारा आहे, अशा वेळी हा मार्ग चांगला. मल्टिव्हिटॅमिनमधलं थोडंसं बी-१२ इथं उपयोगाचं नाही.

जैन आणि लिंगायत घरांत अंडं-मांस नसतं आणि औषधाबद्दलही प्रश्न येतात. बी-१२ जिवाणूंच्या आंबवणातून बनवतात, प्राण्यांपासून काढत नाहीत. कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं असू शकतं, म्हणून गोळी मागा. नेहमीचं डी-३ मात्र मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून येतं.

उपचार सुरू झाल्यावर आठवड्याभरात नव्या लाल पेशी दिसू लागतात, हिमोग्लोबिन सहा-आठ आठवड्यांत सावरतं, नसांना सहा महिने किंवा जास्त लागतात. जुनी इजा असेल तर ती पूर्ण भरेलच असं नाही. ॲनिमिया फार तीव्र असेल तर पहिल्या दिवसांत पोटॅशियम घसरू शकतं, तेव्हा सुरुवात दवाखान्यात झालेली चांगली.

फोलिक ॲसिड

नियम एकच पण कडक: बी-१२ तपासल्याशिवाय नुसतं फोलिक ॲसिड सुरू करायचं नाही. फोलिक ॲसिडनं रक्त सुधारतं, चेहरा टवटवीत दिसतो आणि आतून नसांची हानी चालूच राहते. आरोग्य केंद्रात मिळणाऱ्या लाल आयएफए गोळीतही ६० मिलिग्रॅम लोहाबरोबर ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असतं, हे हिशोबात धरा.

सल्फासालाझिनबरोबर साधारण १ मिलिग्रॅम रोज देतात. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं औषध आहे. रोज घेतलं तर जीव जाऊ शकतो, आणि अशा चुका होतात, कारण घरात बाकी सगळ्या गोळ्या रोजच्या असतात. त्याच्यासोबतचं फोलिक ॲसिड, बहुधा ५ मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा, वेगळ्या दिवशी. मेथोट्रेक्सेटसाठी गावच्या आठवडी बाजाराचा वार ठरवा आणि फोलिकसाठी त्याच्या दोन-तीन दिवसांनंतरचा. दोन्ही गोळ्या पिवळसर आणि लहान असू शकतात. डब्या वेगळ्या ठेवा आणि डबीवर वार मोठ्या अक्षरांत मराठीत लिहा, म्हणजे औषध देणाऱ्या घरातल्या माणसालाही वाचता येईल.

व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम

६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्यातून एक, आठ आठवडे; पुढं महिन्याला एक किंवा रोज १००० ते २००० युनिट, हा आपल्याकडचा रूढ कोर्स. दिवसातल्या सगळ्यात मोठ्या जेवणानंतर, ज्यात तूप, तेल किंवा दूध आहे, अशा वेळी घ्या. उपाशीपोटी शोषण कमी होतं. लांब आयलियम गेलेल्यांना जास्त मात्रा लागते, म्हणून तीन महिन्यांनी पातळी परत पाहायची. पुडी चुकून रोज घेतली जाते तेव्हा कॅल्शियम चढतं: उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान, गोंधळलेपण. सहा लाख युनिटचं एकच मोठं इंजेक्शन सोयीचं वाटतं, पण पातळी कधी आणि किती वर जाईल याचा भरवसा नसतो. ते सरसकट घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

सकाळच्या कोवळ्या उन्हाबद्दलचा समज इथं उपयोगी नाही. त्वचेत व्हिटॅमिन डी तयार करणारे किरण सूर्य वर आल्यावरच पुरेसे मिळतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते ती वेळ, साधारण ११ ते २. हात, पाय, मान उघडी ठेवून थोडा वेळ पुरतो. अझाथायोप्रिन घेणाऱ्यांनी जास्त वेळ उन्हात बसू नये, त्या औषधात त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. त्यांच्यासाठी पुडी बरी. खानापूर-जांबोटीच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर सूर्यदर्शन दुर्मीळ, तेव्हा तपासणी पावसाळ्यानंतर केली तर वर्षातली खालची पातळी कळते.

स्टेरॉइड चालू असताना आहार आणि गोळी मिळून रोज १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. पाव लिटर दुधात सुमारे ३०० मिलिग्रॅम असतं. नाचणीच्या एका भाकरीत १५० ते २०० पर्यंत असतं, मात्र त्यातलं सगळं शोषलं जात नाही. कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबर घ्यायचं. पॅन्टोप्राझोल चालू असेल तर कॅल्शियम सायट्रेट जास्त चांगलं. लोहाची गोळी आणि कॅल्शियम यांत दोन तासांचं अंतर. स्टेरॉइड तीन महिन्यांपेक्षा जास्त चाललं असेल तर हाडांची डेक्सा तपासणी विचारा.

लोह

हे जीवनसत्त्व नव्हे, पण याच्याशिवाय हिशोब अर्धा राहतो. आजार शांत आहे आणि हिमोग्लोबिन १०च्या वर आहे, तर गोळी चालते. दिवसाला १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त शुद्ध लोह घेऊ नका. उरलेलं लोह आतड्यातच राहून मळमळ आणि जुलाब वाढवतं. सोसत नसेल तर एक दिवसाआड घेऊन पाहतात. चहा गोळीच्या आगेमागे एक तास नको. आजार भडकलेला असेल, हिमोग्लोबिन १०च्या खाली असेल किंवा गोळी सोसत नसेल तर शिरेतून लोह देतात, वजन आणि हिमोग्लोबिननुसार एकूण १००० ते २००० मिलिग्रॅम. सूज असताना शरीर हेप्सिडिन नावाचा पदार्थ वाढवून आतड्यातलं लोहाचं दारच बंद करतं, म्हणून तेव्हा गोळ्यांचे महिने वाया जातात. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज घेतल्यानंतर फॉस्फरस घसरू शकतो. स्नायू दुखू लागले, फार थकवा आला तर तो तपासा.

बाकीची, थोडक्यात

झिंक: दीर्घ जुलाब किंवा फिस्टुला (आतड्यातून निघालेली नासूर वाट) असेल, चव गेली असेल, जखम भरत नसेल, तोंडाभोवती आणि बुडाशी चट्टे असतील तर २० ते ४० मिलिग्रॅम काही आठवडे. महिनोन् महिने चालू ठेवलं तर तांबं कमी होतं आणि त्यातून बी-१२सारखाच ॲनिमिया व मुंग्या होतात.

व्हिटॅमिन के: पातळी मोजायची गरज नाही, पीटी-आयएनआर पुरे. वॉर्फरिन (रक्त पातळ करणारं औषध) घेणाऱ्यांनी ते स्वतःहून कधीच सुरू करू नये. व्हिटॅमिन ए: रातांधळेपणा, डोळे कोरडे पडणं असेल तरच, गर्भधारणेचा विचार असेल तर मोठी मात्रा नको.

बी-१, म्हणजे थायमिन: कित्येक दिवस उलट्या होऊन खाणं बंद असेल तर साखरेचं सलाईन लावण्याआधी थायमिन द्यावं लागतं. तसं न केल्यास दोन-दोन दिसणं, लटपटणं, भ्रम असा मेंदूचा गंभीर त्रास काही तासांत होऊ शकतो. नातेवाइकांनी हे तोंडानं सांगावं: “आठवडाभर पोटात काही नाही, आधी थायमिन द्याल का?”

व्हिटॅमिन सी: फळं-भाज्या पूर्ण सोडलेल्यांच्या हिरड्यांतून रक्त येतं. रोज एक लिंबू किंवा थोडा आवळा चालतो. आयलियम काढलेलं पण मोठं आतडं शाबूत असलेल्यांनी १००० मिलिग्रॅमच्या गोळ्या आणि रोजचा पालक टाळावा. ऑक्झलेटचे मुतखडे होतात. त्यांच्यासाठी कॅल्शियम जेवणाबरोबर घेणं हा चांगला बचाव आहे.

ताटात काय

आजार भडकला असताना मऊ गुरगुट्या भात, मुगाचं वरण, नाचणीची अंबील, उकडलेला बटाटा, खात असाल तर अंडं आणि सोसत असेल तर ताक. पालेभाजी पूर्ण बंद न करता दुधी, लाल भोपळा, कोवळी मेथी मऊ शिजवून, घोटून घ्या. फोलेट उष्णतेनं आणि पाण्यात जातं, म्हणून भाजी कमी पाण्यात झाकून शिजवा आणि ते पाणी फेकू नका. लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा.

आतडं अरुंद असल्याचं निदान असेल तर हुरडा, मक्याचं कणीस, आख्खे शेंगदाणे, पेरूच्या बिया, शेवग्याच्या शेंगांचा चोथा यांनी अडथळा होऊ शकतो. शेंगदाण्याची चटणी अगदी बारीक वाटून चालते. शेवग्याचा कोवळा पाला, हुलग्याचं गाळलेलं माडगं ही शांत काळातली उत्तम भर. मसाल्याच्या रश्शानं आजार होत नाही, पण भडकलेल्या दिवसांत तो सोसत नाही.

वनस्पतींत बी-१२ नसतं, इडली-अंबील आंबवली तरी भरवशाचं नसतं. दह्यातलं बी-१२ दुधातूनच येतं. पाव लिटर दुधात सुमारे एक मायक्रोग्रॅम, एका अंड्यात अर्धा. रेशनच्या तांदळात वेगळे दिसणारे दाणे असले तर अनेक घरांत ते प्लास्टिकचे समजून निवडून टाकतात. ते फोर्टिफाइड दाणे आहेत, त्यांत लोह, फोलिक ॲसिड आणि बी-१२ असतं. एका किलोत बी-१२ साधारण एकच मायक्रोग्रॅम, म्हणजे ही भर आहे, उपचार नाही. तरी टाकू नका, आणि भाताचं पाणी ओतून देऊ नका. दुधाच्या पिशवीवर ‘+एफ’ चिन्ह असेल तर त्यात ए आणि डी घातलेलं असतं.

निपाणी पट्ट्यातल्या वाचकांसाठी खास: विडी-सिगारेटनं क्रोन्स बळावतो आणि ऑपरेशनची वेळ पुन्हा येण्याचा धोका वाढतो. विडी चालू ठेवून गोळ्यांनी गळती भरत नाही.

परत कधी तपासायचं, आणि फाइल

शांत आजारात सीबीसी, फेरिटिन, सीआरपी सहा ते बारा महिन्यांनी; भडकलेला असेल तर दर तीन महिन्यांनी. बी-१२, फोलेट आणि डी वर्षातून एकदा. बी-१२चं इंजेक्शन चालू असेल तर पातळी पुन्हापुन्हा मोजण्यात अर्थ नाही, सीबीसी आणि लक्षणं पाहायची. मुलांची उंची आणि वजन दर तीन महिन्यांनी लिहून ठेवा. वाढ थांबणं हे अनेकदा जुलाबाच्याही आधी दिसतं. मूल हवं असेल तर फोलिक ॲसिडची मात्रा वाढवणं आणि मेथोट्रेक्सेट किमान तीन महिने आधी बंद करणं यासाठी आधीच डॉक्टरांना भेटा.

पाय लटपटणं, लघवीवरचा ताबा जाणं, अचानक गोंधळणं, काळं डांबरासारखं शौच (लोहाची गोळी चालू नसताना), न थांबणारा रक्तस्राव यांत पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा.

निपाणीचा रुग्ण कोल्हापूरला, अथणी-कागवाडचा मिरजेला, खानापूरचा बेळगावला जातो, आणि प्रत्येक ठिकाणी नवा डॉक्टर नव्यानं सुरुवात करतो. आरोग्य कर्नाटक (कर्नाटकची) आणि महात्मा फुले (महाराष्ट्राची) या सरकारी आरोग्य योजनांचा भर दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर असतो, बाह्यरुग्ण रक्ततपासण्या बहुधा खिशातूनच होतात. महाराष्ट्र शासनानं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले योजना लागू करायचा निर्णय घेतला, आपलं गाव त्यात बसतं का ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या मदतनिसाकडे, विचारा. एकच फाइल सगळीकडे न्या. पहिल्या पानावर स्वतःच्या हातानं लिहा: आजाराचं नाव आणि भाग, किती सेंटिमीटर आयलियम काढलं, चालू औषधं आणि त्यांचे वार, शेवटच्या बी-१२ इंजेक्शनची तारीख आणि पुढची तारीख. मागे ऑपरेशन नोटची झेरॉक्स, आणि रक्ताचे रिपोर्ट तारखेप्रमाणे, नवा वर.